कपाळावरचा घाम

आमच्या घराण्यात पाटी धरणारा मी पहिला. पाठशाळा पुरी करून पुण्यात एका सरदारांच्या दफ्तरात लेखनिक झालो आणि वर्षभरात हात थरथरू लागला. "अक्षर सुधारा, नाहीतर गाव गाठा," कारभारी म्हणाले. हात बळकट व्हावा म्हणून मी मुठेकाठी रोज शंभर सूर्यनमस्कार घालू लागलो; थरथर उलट वाढली.

कसब्याच्या घाटावर एक म्हातारे यायचे. नाव कधी विचारलं नाही. गुडघ्यांत तिळाचं तेल सावकाश जिरवायचे, मग नमस्कार घालताना मध्येच कपाळाला बोट लावून बघायचे. बोट ओलं झालं की थांबायचे. एकदा सातावरच थांबले.

"दमलात आजोबा?" मी डिवचलं.

"रात्री झोप नव्हती, आज एवढंच. अहो शास्त्रीबुवा, अर्धं बळ इथं, अर्धं कामाला. आपण सगळं नदीलाच वाहता काय?"

व्यायाम अर्ध्या बळानं करावा, कपाळी घाम आला की अर्धं बळ सरलं असं समजावं, हा आयुर्वेदातला श्लोक मी गुरुजींपुढे एकही चूक न करता म्हटला होता. तो स्वतःसाठी असतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विसाव्या नमस्कारालाच कपाळ ओलं झालं. लाज वाटली, तरी थांबलो. पंधरवड्यानं कारभाऱ्यांनी माझं पत्र उजेडात धरून पाहिलं आणि पुढचा कागद लिहायला माझ्याकडे सरकवला.