अप्पांनी मोजलेली झाडं

अप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. ‘हे खरं कशावरून?’ हे आलं. ओळखीतल्या एकानं मोबाइलवर टाकलं होतं, ‘वैजनाथअप्पा शिवैक्य झाले.’ ना वेळ, ना कारण. आणि टाकणारा गृहस्थ असा, की अर्धवट ऐकून पूर्ण सांगणारा... मी सरळ अप्पांचाच नंबर लावला. गेलेल्या माणसाला फोन करून खात्री करून घेणारा माझ्यासारखा मीच! पलीकडून अप्पांची बायको, आमच्या काकू, बोलल्या, “हाव सर, खरं हाय. सकाळी पूजेला बसले आन् तसेच...” त्याला आता सहा आठवडे होऊन गेले.

संशय घेणं हा माझा स्वभाव, आणि पोटापाण्याचं कामही तेच. नांदेडला एका संशोधन प्रकल्पाच्या कचेरीत मी गावोगावचे भरून आलेले फॉर्म तपासायचो. शेतात आणि बांधावर झाडं किती, त्यातून घराला काय मिळतं, पाऊस असा लहरी झाल्यापासून त्यात काय फरक पडला... अशी माहिती आपल्याकडून आणि आपल्यासारख्याच आणखी देशांतून गोळा होऊन मोठमोठ्या शास्त्रज्ञांकडं जायची. ती खरी आहे, की कुणी हॉटेलात चहा पीत ठोकून दिली आहे, हे बघायचं माझ्याकडं. अप्पा फॉर्म भरणारे. उदगीरकडचे, घरची थोडी शेती, पांढरा सदरा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला ‘सर’ म्हणायचे. नांदेडला बहिणीकडं राहून हदगावकडची गावं करायचे.

अप्पा कामावर नवे होते तेव्हा मी त्यांच्यासोबत एसटीनं दोन-चारदा फिरलो. खिडकीजवळची जागा ते कुणाला द्यायचे नाहीत. बांध दिसला की ओठ हलायला लागायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा. मी विचारलं, “अप्पा, जप चाललाय का?” तर म्हणाले, “झाडं मोजून राहिलो सर. मागच्या खेपेला त्या विहिरीपाशी दोन कडुलिंब होते, आता एकच हाय.” मला काही ते पटलं नाही. धावत्या गाडीतून कुणाच्या लक्षात राहतं? परतीच्या गाडीत मी गुपचूप बघितलं. एकच होता, शेजारी नुकताच तोडलेला बुंधा. अप्पांनी ते ओळखलं आणि हसत म्हणाले, “सर, तुम्ही चहावाल्यालाबी दुधाचा पुरावा मागताल.” मला राग आला नाही. खरं सांगायचं तर त्या कचेरीत माझी अशी थट्टा करणारं दुसरं कुणी नव्हतंच. डबा आम्ही एकत्र खायचो, काकूंच्या हातची शेंगाची चटणी माझ्यासाठी वेगळी पुडी बांधून यायची.

पण चटणी वेगळी आणि फॉर्म वेगळे. अप्पांच्या फॉर्मांत झाडं जास्त असायची. दुसऱ्यांच्या गावात दर घरी चार-पाच, तर अप्पांच्या गावात बारा, चौदा, सतरा! त्यात तारखा बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. नेमक्या बाजाराच्या दिवशी अप्पा गावात जात होते. बाजाराच्या दिवशी गडीमाणूस गावात सापडतो होय? सगळे हदगावला. मग हा माणूस विचारतो कुणाला? कपाळाला भस्म असलं म्हणजे फॉर्म खरा, असं थोडंच आहे... असं मी मनात म्हणालो. आता लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो.

फॉर्मवर घरचा मोबाइल नंबर असायचा. तपासणीचे फोन फॉर्म भरणाऱ्याला कळू द्यायचे नाहीत, असा आमच्याकडं दंडक. मी दार लावून फोन लावले. “तुमच्या शेतात झाडं किती?” उत्तर यायचं, “चार. दोन आंबे, दोन सागवान.” फॉर्मवर चौदा. दुसऱ्याला लावला, तो म्हणाला, “झाडं कुठली सायेब, सगळं सोयाबीन.” फॉर्मवर नऊ. आठ-दहा फोन केले आणि मला जणू चोर सापडल्याचा आनंद झाला. आनंदच म्हणतो, दुसरा शब्द नाही. गठ्ठ्यावर लाल शाईनं ‘संशयास्पद’ लिहून वर पाठवलं. अप्पांचे सगळे फॉर्म बाद झाले, त्या गावांत दुसरा माणूस पाठवला गेला आणि पुढल्या महिन्यापासून अप्पांना यायचं नाही असं कळवण्यात आलं.

ते माझ्या टेबलाशी आले. बसा म्हणालो तरी बसले नाहीत. “सर, माझं काय चुकलं हो? चुकलं आसंल तर सांगा, दुरुस्त करतो. पण असं मुक्यानं कामून काढलं?” मी संगणकाकडं बघत म्हणालो, “वरून आलंय अप्पा, माझ्या हातात काही नाही.” ते मग म्हणाले, “बरं हाय,” आणि गेले.

वर्षभरानं एका तपासणीसाठी मलाच हदगावकडच्या त्याच गावात जावं लागलं. पहिलंच घर, फोनवर ‘चार’ सांगणाऱ्याचं. मी समोर विचारलं तरी तो चारच म्हणाला, बोटांवर मोजून दाखवली. तेवढ्यात आतून त्याची बायको कडाडली, “चार? आन् मंग माझ्या शेळ्या काय हवा खात्यात? बांधाच्या बाभळी कुणाच्या? सुबाभूळ, बोरी, तो शेवगा, चूल कशावर पेटती?” नवरा म्हणाला, “ती काय झाडं हायेत का? ते आपसूक आलेलं.” बाई बाहेर आली, मला म्हणाली, “मागं ते भस्मवाले अप्पा येऊन गेले, त्येंनी बरोबर लिवलं होतं. बाजाराच्या दिवशी यायचे, गडी नसताना. म्हणायचे, माय, झाडाचं तुलाच ठावं, तू सांग.” मी तिथं ओसरीवरच बसलो. गड्याला विकायचं झाड दिसतं, बाईला रोजचं. आमच्या फॉर्मवर कुटुंबप्रमुखाच्या नावाला रकाना होता, उत्तर देणाऱ्याच्या नावाला नव्हता. आणि मोबाइल तर घरोघरी गड्याच्याच खिशात. मी ज्याला ज्याला खात्रीसाठी विचारलं, त्याला माहीतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी अप्पांना फोन करायला हवा होता. नाही केला. आज करू, उद्या करू... दिवाळीला करू म्हटलं, तर वाटलं सणाला कशाला. कचेरीतही तोंड उघडलं नाही. माहिती पुढं गेली होती, आकडे जगापुढं आले होते, आता एका माणसापायी कोण उलटं फिरणार, अशी मी माझीच समजूत घातली. खरं कारण एवढंच, की लाल शाईतलं ते अक्षर माझं होतं. तसं वर्ष गेलं, आणखी एक गेलं.

अप्पा गेल्यावर भेटायला उदगीरकडं गेलो, तेव्हा काकूंनी नाव सांगताच ओळखलं. घोंगडी टाकली, पाणी दिलं. इकडचं-तिकडचं बोलणं झालं, मग त्या आत जाऊन एक वही घेऊन आल्या. “हे तुम्हीच बगा सर. मला वाचता येत न्हाई.” मी उघडली. अप्पांचं अक्षर. काम गेल्यावर अप्पा पुन्हा त्या सगळ्या गावांत गेले होते. उदगीरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, तिथून पायी, पदरमोड करून, दोन उन्हाळे. घराघरातल्या बाईचं नाव, खाली तिच्या बांधावरचं एकेक झाड, आधी लिहिलेला आकडा आणि आता स्वतः हात लावून मोजलेला आकडा. सगळीकडं बरोबरच्या खुणा. मी पानं उलटत गेलो. शेवटून दुसऱ्या पानावर एका आकड्याभोवती गोल केला होता. ‘एक बोर शेजाऱ्याच्या हद्दीत. माझी चूक.’

काकू म्हणाल्या, “ते पान लई उघडून बसायचे. म्हणायचे, सापडली बग चूक, उगंच न्हाई काढलं त्येंनी मला. सर सांगत न्हाईत, मला वाईट वाटंल म्हनून.” मग त्यांनी विचारलं, “त्या एका बोरीपायीच काढलं का हो त्येंला?”

“नाही काकू,” मी म्हणालो. “त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी काढायला लावलं. माझी चूक झाली, आणि ती मला दोन वर्षांपासून माहीत होती.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली, पदरानं पुसली.

“मंग त्येंलाच सांगायचं होतं की सर... उन्हातान्हात लई झाडं मोजली हो त्येंनी.”