मोठेबाबांचे एकोणीस एक

मोताळा तालुक्यातल्या तमाम माणसांची अस्वस्थता तराजूच्या एका पारड्यात घातली आणि दुसऱ्यात नुसते आमचे मोठेबाबा बसवले, तरी मोठेबाबांचंच पारडं खाली जाईल. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. शिक्षण नववी, धंदा वांगी-मिरचीचा आणि सगळी तगमग एका संख्येपायी. ओळीने एकोणीस एक लिहिले की होते, ती संख्या. तिला कशाने पूर्ण भाग जातो हे शोधत ते सहा वर्षं हाताने भागाकार करत होते.

त्याआधी अकरा एक त्यांनी फोडले होते. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग गेला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत घरोघर फुकट वांगी वाटली. लोकांना वाटलं, नातू झाला. एकोणीस एकांनी मात्र त्यांना धड जेवूही दिलं नाही. घास हातात घेऊन उठायचे आणि अंगणात फेऱ्या मारायचे. बाजारात एका बाईने विचारलं, "काका, वांगे कसे दिले?"

"तेरानंही एकच उरून राह्यला."

"काऊन हो, म्या भाव इचारला!"

मागून मोठीआई म्हणाली, "भाव मले इचार व माय. ह्याहिले भागाकार लागला हाये."

मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक ते आवर्जून मागून नेत. शाळा वाचवा, पाणी द्या, काहीही असो. मला अभिमान वाटे. एकदा विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "मांगची बाजू लय कोरी असते बे तुही. असंच लिहीत जाय."

गेल्या उन्हाळ्यात मी सहज मोबाईलवर शोधलं. एकोणीस एकांची ती संख्या मूळ संख्या निघाली. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेच भाग जात नाही. आठवडाभर मी हे पोटात घेऊन वणवण फिरलो. लोकांपासून खरं लपवणाऱ्यांवर मी ठळक टाइपात तुटून पडतो, मग घरच्या माणसाला कसा फसवू? शेवटी शेतात जाऊन सांगून टाकलं.

मोठेबाबा खाली बसले. "कशानंच नाही?"

"कशानंच नाही, मोठेबाबा."

"मंग सहा वर्षं माह्यं एकही गणित चुकलं नाही," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

पंधरा दिवस ते एका जागी बसून जेवले. वांग्यांचे भाव अचूक सांगू लागले. मोठीआईने मला गाठलं. "काय सांगतलं रे त्याहिले? घरात माणूसच नसल्यासारखं वाटते."

मग एका सकाळी ते माझ्या दारात उभे. "सतरा एक लय दिक करे, म्हणून म्या सोडले होते. त्याचं इचारलं काय मोबाईलले?"

विचारलं होतं. त्याच दिवशी. सतरा एकांना भाग जातो, पण सगळ्यात लहान भाजकच वीस लाखांच्या पुढे आहे. मोठेबाबा सहा वर्षांत तीस हजारांपर्यंत पोचले होते.

"नाही इचारलं," मी म्हणालो.

"नोको इचारू मंग."

एवढं बोलून ते वळले. फाटकाबाहेर पडताना बहात्तर वर्षांचे मोठेबाबा जवळजवळ धावतच होते.