उरलेलं पाणी

थंडी पडली की अडेनियम सगळी पानं गाळून झोपतं. झोपतं, मरत नाही. एवढी एक गोष्ट समजावता समजावता मागच्या हिवाळ्यात माझा घसा बसला.

झाड माझं नव्हतं. शेजारच्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रायपूरला लेकीकडे निघाल्या, तेव्हा कुंडी माझ्या हवाली करून गेल्या. बी पेरून वाढवलेलं, नऊ वर्षांचं झाड. बूड कांद्यासारखं फुगलेलं, उन्हाळाभर गुलाबी फुलांनी लगडणारं. "थंडीत घरात ठेव, अन् पान्याचा एक थेंब देऊ नोको. बूड सडलं का झाड गेलं," त्यांनी तीनदा बजावलं. मी शब्द दिला.

आमच्या देवरीच्या घरात ऊन येतं ते फक्त पुढच्या खोलीच्या खिडकीत. कुंडी तिथं ठेवली आणि तिथंच फसले. नवऱ्याचा धानाचा व्यापार, त्यात दिवस धान विकायचे, म्हणजे सकाळपासून माणसांची ये-जा. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही आपली रीत. त्यानं दोन घोट प्यायचे आणि उरलेलं हाताशी असलेल्या कुंडीत ओतायचं, ही त्याची रीत! पाणी वाया जाऊ नये म्हणे. एवढी काळजी आहे तर सगळं प्या ना!

एकाला रंगेहाथ पकडलं. "वाळून राहिलं ना बिचारं, म्हनून टाकलो," असं म्हणून तो मलाच दयामाया शिकवायला लागला. मी खिडकीत पाटी लावली, 'कुंडीत पाणी टाकू नये.' लोक पाटी वाचायचे, मान डोलवायचे आणि ग्लास ओतायचे. नवरा म्हणाला, "घरी आलेल्या मानसावर कायले वरडून राहिली? पानीच त होय." सासूबाईंना तर झाड तहानलेलं ठेवणारी सून म्हणजे कसाईच वाटत होती.

जानेवारीत बोटानं दाबून पाहिलं, तर बुडाची एक बाजू मऊ लागली. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप. झाड उपटलं, सडका भाग सुरीनं कापून काढला, हळद चोपडली, आठवडाभर मातीबाहेर सुकवलं आणि कोरड्या रेतीत पुन्हा लावलं. त्या दिवसापासून मी पाहुण्यांना अर्धाच ग्लास पाणी द्यायला लागले. गावात आमच्या घराचं नाव झालं, कंजूष म्हणून. होऊ दे. बूड घट्ट राहिलं.

महिनाअखेरीस काकू काठी टेकत आल्या. थंडी अजून होतीच. त्या झाडाच्या मालकीण, म्हणून त्यांना मात्र ग्लास भरून दिला. ऑपरेशनचं सगळं सांगून झालं. मग त्यांनी कुंडीकडे पाहिलं, बुडावरून हात फिरवला. "लेकरावानी सांभाळलीस वो," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

आणि बोलता बोलता ग्लासातलं उरलेलं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं.

"काकू! तुम्हीच म्हटलं होतं ना, एक थेंब नाही!"

"अवो, हाताची सवय होय," काकू हसल्या आणि कुंडी उचलायला वाकल्या.

मी त्यांच्या आधी उचलली. आतल्या खोलीत नेऊन ठेवली, दाराला कडी लावली आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.

"चहा घ्या," मी म्हटलं. "झाड होळीनंतर न्या. तेही मले वाटलं त."