गादीवर मूठभर माती

मी निघालो त्या सकाळी आबा तालमीत माती उकरत होते. आबा म्हणजे माझे वडील, कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतल्या आमच्या छोट्या तालमीचे वस्ताद. पोरगा जर्मनीला निघाला म्हणून एक दिवस माती उकरायची राहिली, असलं काही त्यांच्या डोक्यात बसत नाही. दारात गाडी उभी, आई डोळ्याला पदर लावून, भावकी जमलेली, आणि हा माणूस कुस्तीच्या हौद्यात खोरं चालवतोय. मी पाया पडायला गेलो तेव्हा त्यांनी खोरं बाजूला ठेवलं, मूठभर लाल माती फडक्यात बांधली आणि माझ्या हातात कोंबली. "तिकडं गादीवर खेळत्यात म्हनं. गादीला वास नसतोय. ही ऱ्हाऊ दे जवळ." एवढंच. विमानतळावर सोडायला आले नाहीत, आणि त्याचा मला बरेच दिवस राग होता.

ती माती सामानातून कशी गेली ते विचारू नका. शिरोली एमआयडीसीत मी फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला होतो, इकडंही फाउंड्रीतच लागलो. वाळू तीच, भट्टी तीच, शिव्या तेवढ्या वेगळ्या. पण काम सुटलं की संध्याकाळ खायला उठायची. एकदा चालता चालता एका हॉलमधून दणकन आपटल्याचा आवाज आला. तो आवाज ओळखायला भाषा लागत नाही. आत गेलो, तो कुस्तीचा क्लब निघाला. गादीला वास होता, पण दवाखान्यासारखा, कारण रोज औषधानं पुसतात. तिथला मुख्य प्रशिक्षक राल्फ. मला घर त्यानं मिळवून दिलं, अपेंडिक्सच्या वेळी दवाखान्यात त्यानं नेलं, आणि आठवड्यातून चार संध्याकाळी पोरांना शिकवायलाही त्यानंच बसवलं. परक्या गावात मला कुणी माणसात आणलं असेल तर त्या राल्फनं.

हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: सन्मान, मैत्री, सचोटी. मी तर भारावूनच गेलो. कुठल्याही देशाचं पोरगं येवो, आधी हस्तांदोलन, मग कुस्ती, हरला तरी समोरच्या प्रशिक्षकाला हात देऊन जायचं. मी कौतुकानं आबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "भिंतीवर लिवायला लागतंय व्हय?" मला वाटलं, म्हातारा जळतोय.

लेना माझी सगळ्यात लाडकी शिष्या. सोळा वर्षांची, कमी बोलणारी, पाय पकडला की सोडणार नाही अशी. तिला मी कलाजंग शिकवला. ते नाव तिला धड उच्चारता येत नाही, पण डाव असा टाकते की आपल्या हौद्याभोवती फेटे उडाले असते. तिची आई दिवाळीची तारीख विचारून केक पाठवायची. हळूहळू मी बोलताना ‘आमचा क्लब’ म्हणायला लागलो होतो.

गेल्या वसंतात इथल्या आमच्या गावात मुलामुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. हॉलमध्ये झेंडे लागले, आणि त्यात आपलाही. भारताच्या संघात कोल्हापूरकडची एक मुलगी होती, गौरी. पहिल्या दिवशी तिला ‘काय पावणं, जेवलासा का?’ म्हणून हाक मारली तर ती उडालीच. आणि दुसऱ्या दिवशी सोडत निघाली, गौरी विरुद्ध लेना. लेनाच्या कोपऱ्यात राल्फ होता, मी मागच्या खुर्चीवर. कुणासाठी ओरडावं कळेना.

गौरी ताकदीनं जास्त होती, पण तिची पकड बसेना. मानेवर हात टाकला की निसटे, दंड धरला की निसटे. तिनं पंचांना खूण केली. पंचांनी लेनाचे हात टॉवेलनं पुसले, खांदे तसेच ठेवले, आणि पुढं चालू. पहिली फेरी संपली. विश्रांतीत गौरी कोपऱ्यात गेली, पिशवीतून तिनं एक पुडी काढली, चिमूटभर कपाळाला लावली आणि मुठीत काहीतरी घेऊन परत आली. मला लांबूनच लाल रंग दिसला आणि मी खुर्चीवरून उठलो.

तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं सलामी झाली की आधी समोरच्याच्या अंगाला माती लावायची, घाम आला की पुन्हा लावायची, आणि त्यालाही आपल्याला लावू द्यायची. आबा लहानपणी मानगूट धरून शिकवायचे, "धरू द्यायचं. धरूच दिलं न्हाईस तर ती कुस्ती न्हवं, पळापळी." गौरीनं तेच केलं. लेनाच्या मानेला, खांद्याला माती चोळली आणि उरलेली माती तळहातावर धरून तिच्यापुढं केली, तू मला लाव म्हणून. लेना त्या हाताकडं बघतच राहिली. शिट्टी वाजली. अंगाला बाहेरचा पदार्थ लावला म्हणून गौरी बाद.

तिच्या संघाचे मार्गदर्शक हरियाणाकडचे, त्यांना तिची मराठी कळेना. भाषांतराला मला बोलावलं. गौरी रडत नव्हती, ती चक्रावली होती. "मी काय वंगाळ केलं? हात निसटत हुता, म्हनून लावली. तिलाबी दिली की. ह्यात लबाडी कुठं हाय?" मी हे सगळं पंचांना सांगत होतो आणि सांगता सांगता माझी नजर लेनाच्या खांद्यावर गेली. कोरड्या कातडीवरची माती झटकली की पडते. इथं तिचा उटण्यासारखा लेप झाला होता, आणि वास आमच्या मालिशच्या तेलकट क्रीमचा होता. क्लबच्या कपाटातली ती बाटली मी रोज हाताळतो.

राल्फ ओला टॉवेल घेऊन तिचा खांदा पुसायला आला होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "थोडंसं सगळेच लावतात." मी वाटेतून हललो नाही तेव्हा म्हणाला, "सुभाष, तू आमच्यातला आहेस की त्यांच्यातला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. रस्त्यावरच्या दारुड्यानंही नाही. ज्यानं मला घर मिळवून दिलं त्यानं तो विचारला, त्या भिंतीखाली उभं राहून. मी टॉवेल त्याच्या हातातून काढून घेतला आणि पंचांना म्हणालो, "पुसायच्या आधी हा खांदा बघा."

गोष्टीत होतो तसा न्याय काही झाला नाही. लेनाही बाद झाली. गौरीची माती तरीही बाहेरचा पदार्थच ठरली, तीही बादच राहिली. पदक तिसरीच घेऊन गेली. जाताना गौरी माझ्या पाया पडायला वाकली, मला लाज वाटली. लेना कुणाशी न बोलता कपडे बदलून निघून गेली. तिला क्रीमचं माहीत होतं की नव्हतं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आठवड्याभरात क्लबनं नम्र भाषेत कळवलं की सध्या माझी गरज नाही. राल्फ अजून तिथंच आहे, आणि भिंतीवरची अक्षरंही.

मी आबांना फोन केला. खरं सांगतो, शाबासकी हवी होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरीनं माती लावायला नको हुती. दुसऱ्याच्या आखाड्यात गेलं की त्येंचा कायदा." मी हबकलोच. म्हटलं, आबा, तुम्हीच शिकवलंत ना? मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. त्या तुझ्या पोरीला आता कोन शिकीवतंय?"

लेनाचा विचार मी केलाच नव्हता. मी आपला स्वतःच्या खरेपणाला कुरवाळत बसलो होतो.

मी तिच्या आईला निरोप ठेवला. बरेच दिवस उत्तर नाही. मग एका शनिवारी दुपारी लेना आली, एकटीच. माझ्या घरामागं हातभर हिरवळ आहे, तिथं उभी राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं. नाही म्हणायची हिंमत नव्हती." आणि विचारलं, "ती मुलगी मला ते का देत होती?"

मी आत जाऊन फडकं आणलं. इतकी वर्षं गाठ सोडली नव्हती. माती वाळून गेली होती, पण नाकाशी नेली तर वास तसाच, मातीत मुरवलेल्या ताकाचा, हळदीचा, आबांच्या तालमीचा. चिमूटभर तिच्या खांद्याला लावली आणि उरलेली तिच्या तळहातावर ठेवली. तिला काय करायचं ते कळलं. तिनं ती माझ्या मानेला लावली, हलक्या हातानं.

मंडळी, परत कधी येणार, घर इथलं की तिथलं, असं तुम्ही फोनवर विचारता. राल्फनंही तेच विचारलं होतं. फडकं आता रिकामं आहे, येताना कुणीतरी भरून आणा. आणि त्या दुपारी आपण कुठल्या देशात उभे आहोत हे मी विसरलो, जर्मन विसरलो, आणि त्या पोरीला सरळ आपल्या भाषेत म्हणालो, "हां. आता धर."

तिनं धरलं.