दुसरी काहील

कुरुंदा हे माझं सासर. लग्न होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मला भाकरीही धड थापता येत नव्हती. माहेरी लाडात वाढलेली, त्यामुळे काम म्हटलं की कपाळाला आठ्या. अशा मला कामाची गोडी लावली ती आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीने. ऐन तारुण्यात विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या.

फाल्गुनात हळद खणून झाली की मळ्यातच चुलाण पेटायचं. त्यावर मोठी लोखंडी काहील, तिच्यात ओली हळद, वर हळदीचाच पाला झाकलेला. ती नेमकी कधी शिजली हे ओळखणं म्हणजे खरं काम. कच्ची राहिली तर पुढे किडते, जास्त झाली तर रंग जातो. बाकीचे काडी टोचून बघत. आत्याबाई काहिलीशेजारी पाय पसरून बसत, डोळे मिटत आणि नुसता वास घेत. मग एकदम म्हणत, "वढा जाळ," की चुलाणातली लाकडं बाहेर ओढली जात. तेव्हा त्यांच्या तोंडावर असं समाधान असायचं की मला त्यांचा हेवा वाटायचा. वर्षभर कुणाच्या हळदीकुंकवाला न जाणारी ही बाई तो महिना कोपरापर्यंत पिवळी असायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण ते काम होतं.

पण माझ्या नणंदेचं लग्न ठरलं आणि त्या वर्षी सासूबाईंच्या मनात आलं. पहिल्या काहिलीतली हळद लग्नाला काढून ठेवायची, तर तिला सवाष्णीचाच हात लागावा. हे त्यांनी आत्याबाईंना तोंडावर सांगितलं. आत्याबाई "बराबर हाय" एवढंच म्हणाल्या आणि लांब लिंबाखाली पाला निवडत बसल्या. काहिलीजवळ बसवलं मला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी फुशारले.

काहील उकळली. मीही ऐटीत डोळे मिटले. धुराशिवाय मला कशाचा वास येईना. काडी टोचली, ती आत गेली, पण पुरेशी गेली की नाही कोण जाणे. आत्याबाईंना विचारायला जीभ रेटेना. तेवढ्यात लिंबाखालचे हात थांबले. आत्याबाईंनी मान वर केली आणि तिथूनच म्हणाल्या, "सूनबाई, जाळ वढ. झाली."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. मी जाळ तसाच ठेवला. अजून थोडी, अजून थोडी करता करता उपसली तेव्हा हळकुंडांचा रंग गेला होता आणि बोटांनी चेपताच त्यांचा लगदा होत होता.

कुणी मला रागावलं नाही, त्यानेच जास्त रडू आलं. सासूबाईंनी एक हळकुंड चेपून पाहिलं आणि टाकून दिलं. बराच वेळ पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. दुसरी काहील चढली तशा लिंबाखाली गेल्या.

"वन्सं, उठा," त्या म्हणाल्या. "लग्नाची हळद हिच्यातली काढू."

"अन् सवाष्णीचा हात?"

"जाळ सूनबाई वढील. कवा वढायचा ते तुमी सांगा."

मग आम्ही दोघी शेजारी बसलो. आत्याबाईंनी मला वास शिकवला. आधी ओल्या मातीचा येतो, मग पाल्याचा उग्र, आणि तो सरला की गोडसर, दडपून टाकणारा. तो मला ओळखू आला तेव्हा मी त्यांच्या आधी जाळ ओढला आणि त्या मोठ्याने हसल्या. कामात एवढा आनंद असतो हे मला त्या दिवशी कळलं. मला तिथून उठवेना.

वैशाखात नणंदेला हळद लागली. आत्याबाई रिवाजाप्रमाणे मांडवात आल्या नाहीत, चुलीशी पुरण घाटत होत्या. मला राहवेना. हळदीची वाटी घेऊन मी आत गेले आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"दुसऱ्या काहिलीची," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पुरणाकडे वळल्या.

हुंगताना नाकाच्या शेंड्याला थोडी हळद लागली होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ती पाहिली, आणि पुसा म्हणाल्या नाहीत.