गॅस्केट मागितलं मी, प्रश्न विचारले नवऱ्याला

मंडळी, तीन तास झाले तरी डोकं शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरासोबत एक जुना गार्डन ट्रॅक्टर मिळाला होता. गेल्या आठवड्यात गवत कापताना तो धूर ओकायला लागला आणि बंद पडला. आज सकाळी मी इंजिन उघडलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची पातळ सील, जळून फाटलेलं. नोकरीत मी रोज इंजिनंच टेस्ट करते, त्यामुळे हे काम माझंच होतं.

पार्ट्सच्या दुकानात मी इंजिनाचा मॉडेल नंबर सांगितला. काउंटरवरच्या माणसाने सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याकडे, निखिलकडे, बघून विचारलं, "नक्की हाच ना, सर?"

निखिल आयटीतला. हेड गॅस्केट म्हणजे काय, हे मीच त्याला गाडीत सांगितलं होतं. तरी तो म्हणाला, "आय थिंक सो." मग तो माणूस त्यालाच विचारत राहिला आणि हा अंदाजाने मान डोलावत राहिला. मी दोनदा मध्ये बोलले, कोणी ऐकलं नाही.

घरी येऊन बघते, तर नव्या गॅस्केटवरची बोल्टची भोकंच जुळेनात!

"जाऊ दे ना यार, म्हातारा माणूस होता," निखिल म्हणाला.

"त्याचं सोड. 'हिला विचारा' एवढं तुला का म्हणता आलं नाही?"



मी एकटी परत गेले, फाटलेलं गॅस्केट काउंटरवर ठेवलं आणि बरोबर तेच घेऊन आले. दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. निखिल सॉरीही म्हणाला, अगदी मनापासून. पण राग जात नाहीये.

मैत्रिणींनो, अशा वेळी तुमच्या शेजारी उभा असलेला तुमचा माणूस काय करतो?