साल्किनचा पासवर्ड

“म्हणजे ताश्तानच्या नजरेतून सुटायला जगातल्या सगळ्यात मोठ्या चोंबड्याच्या दारात जायचं,” साल्किन मुलाला म्हणाली. “शहाणाच आहेस, एर्मेक.”

परवा लग्नाच्या जेवणात ताश्तानने, तिच्या मावसदिराने, भर पंगतीत विचारलं होतं, वहिनी, कवळी कधी बसवताय? तो नारीन शहरातल्या इंटरनेट कंपनीत होता. कुठलंही पान उघडायचं तर आधी त्या पानाचं नाव सांगून त्याचा नंबर मागावा लागतो, आणि हे घर तो ताश्तानच्या सर्व्हरकडे मागत असे. साल्किनने शोधलेल्या दातांच्या दवाखान्याचं नावही त्याला तिथूनच कळलं होतं. एर्मेकचं म्हणणं, परदेशातल्या एका बड्या कंपनीचा सर्व्हर फुकट आहे, आता सगळी गल्ली तिथेच मागते, आपणही मागू.

साल्किनला हे ऐकवत नव्हतं. बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली होती. तेव्हा नंबर कोण पाठ करणार? फोन उचलायचा आणि सांगायचं, साल्किन, डॉक्टरीणबाईंकडे लाव. बोलणं तिने कधी ऐकलं नाही. गरजच पडली नाही. कोण कुणाला कितीदा मागतं एवढ्यावरून लग्नं तिला नवरीच्या आधी कळत. दोन तर तिने मोडलीही.

“सगळं गाव एकाच बाईकडे येणार असेल तर ती बाई चांगली लागते,” ती म्हणाली. “मी नव्हते.”

एर्मेकने दुसरा उपाय काढला. मग म्हणाला, घरातच एक डबा ठेवता येईल. तो दहा ठिकाणी थोडं थोडं विचारून नंबर काढतो. पुरतं कुणालाच कळत नाही. शिवाय घरातून कोण काय विचारतं, त्याची यादी थेट एर्मेकच्या फोनवर येईल. हे त्याने मोठ्या खुशीत सांगितलं.

सून चोल्पोन चहा ओतत होती. इथल्या रीतीने चहाची वाटी अर्धीच भरायची असते. तिने काठोकाठ भरली.

“कडककाकांपेक्षा हे बरं,” ती कशीबशी म्हणाली. त्यांच्या भाषेत ताश म्हणजे दगड, आणि सासरच्या थोरांचं नाव सुनेने घ्यायचं नाही. म्हणून ताश्तान तिचे कडककाका. साल्किनलाही तिने असंच काहीतरी नाव ठेवलं होतं. माहेरच्यांशी कुजबुजताना ते यायचं, पण साल्किनच्या तयार कानांनाही ते अजून पकडता आलं नव्हतं.

सुनेचं दुसरं गुपित मात्र साल्किनला पक्कं ठाऊक होतं. दोघींचा फोन एकच. दर बुधवारी, एर्मेक बाहेर पडला की, चोल्पोन त्यावर ओश शहरातल्या नर्सिंग शाळेचं पान उघडायची. अर्ज भरायला आठवडा उरला होता. एर्मेक गेल्या वर्षी ‘मूल होऊ दे, मग बघू’ म्हणाला होता. साल्किनने हे कुणालाच सांगितलं नव्हतं; जन्मात पहिल्यांदाच.

तिने भरलेली वाटी न सांडता खाली ठेवली.

“डबा बसव. यादी बंद राहील. डब्याचा पासवर्ड चोल्पोन घालेल. माझ्या पाठीमागे ती मला जे म्हणते, तेच घालायचं. म्हणजे तुला ती मरेपर्यंत सांगणार नाही.”